जन्मतारखेचं कुलूप

"पासवर्ड जन्मतारीख ठेवलाय. म्हणजे कुणाला काही पाठ करायला नको," तळेकर अण्णा म्हणाले आणि समोरच्या गठ्ठ्यातली एक कोरी करकरीत परिचय पुस्तिका त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ही बघ. यंदा गुळगुळीत कागद घेतलाय."

मी पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर पहिल्याच मुलीचं नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण, उंची, रास, नक्षत्र. आणि त्याखाली, पत्रिका बघणाऱ्यांच्या सोयीसाठी ठळक टायपात, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ.

"अण्णा, पासवर्ड जन्मतारीख. आणि आत शिरताना नाव कुठलं टाकायचं?"

"नाव नाही, नोंदणी क्रमांक. सोपं केलंय सगळं."

"तोही ह्यात छापलाय."

"मग! लोकांनी शोधत बसायचं का?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कराडच्या आमच्या ज्ञातीमंडळाच्या कचेरीत, लोखंडी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. समोरचा माणूस अडाणी असता तर मी समजून घेतलं असतं. भास्करराव तळेकर पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, मंडळाचे चिटणीस. धरणाच्या दाराला किती चाव्या आणि कुणाच्या हातात किती, हे नोकरीभर बघत आलेला माणूस. आणि तोच आता गावातल्या सगळ्या लग्नाच्या मुलींच्या दाराची किल्ली गुळगुळीत कागदावर छापून पोस्टानं घरोघर पाठवत होता.

आमच्या मंडळाची एक रीत होती. पुस्तिकेत मुलीचा पत्ता आणि फोन कधी छापायचा नाही. मुलाकडच्यांनी मंडळात फोन करायचा, क्रमांक सांगायचा. मग मंडळातून मुलीच्या घरी विचारणा जायची आणि तिकडून होकार आला तरच पत्ता द्यायचा. ही रीत माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीची. मी वेबसाइट बनवते, तोच माझा धंदा. मंडळाची साइट मी सेवा म्हणून करून दिली तेव्हा ही रीत मी जशीच्या तशी उचलली. फरक एवढाच केला, की विचारणा मुलीच्या बापाकडे न जाता थेट मुलीकडे जायची. तिनं स्वतःचा पासवर्ड ठेवायचा आणि होकार नाहीतर नकार कळवायचा. नकार असला तर मुलाकडे फक्त 'सध्या योग नाही' एवढंच जायचं. स्थळं लक्षात राहत नाहीत म्हणून खाली एक छोटी चौकट दिली होती, स्वतःपुरतं टिपण करायला. त्यावर मी लिहिलं होतं, 'हे इतर कुणालाही दिसणार नाही.'

साइट चांगली चालली होती. तिची एकच तक्रार होती, ती म्हणजे अण्णांना तिच्यात नाक खुपसता येत नव्हतं. म्हणून पुण्याहून त्यांचा भाचा आला. हर्षल. मंडळाची मालमत्ता आहे म्हणून अण्णांनी माझ्याकडून साइटची सगळी माहिती मागून घेतली. ती खरंच मंडळाची होती, म्हणून मी दिली. हर्षलनं ती आपल्या नव्या 'प्रणाली'त ओतली, मुलींचे पासवर्ड पुसून टाकले आणि सगळ्यांना एकच नियम लावला. रविवारी वधू-वर मेळाव्यात उद्घाटन होतं.

"मॅडम," हर्षल कोपऱ्यातून म्हणाला. तो आतापर्यंत मोबाइल बघत होता. "तुमची साइट ओपन सोर्सवर होती ना? म्हणजे तिचा कोड जगात कुणालाही वाचता येतो. आणि तुम्ही आम्हाला सिक्युरिटी शिकवताय?"

"असं होय?" अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे फुकटातलं आणून लावलं होतंस? आणि वर सगळ्यांना उघडं?"

"कोड उघडा आहे अण्णा, मुलींची माहिती नाही. कुलूप कसं बनवतात ते सगळ्या गावाला ठाऊक असलं म्हणून तुमचं कपाट उघडत नाही. किल्ली तुमच्या खिशात असते. ह्या सॉफ्टवेअरचा कोड जगभरची माणसं वाचतात, चुका शोधतात, जाहीर सांगतात आणि दुरुस्त करतात. हर्षल, तुझा कोड कोण वाचतं?"

"कुणीच नाही. आमचं सगळं बंदिस्त असतं."

"म्हणजे त्यात काय चुकलंय ते तुलासुद्धा कळायचं नाही."

"आमचं क्लाउडवर आहे," तो चिडला. "बँका जे क्लाउड वापरतात ना, तेच. तिथं कुणाच्या बापाला शिरता येत नाही."

"क्लाउडशी माझं भांडण नाही. मीही तेच वापरते. पक्क्या इमारतीत भाड्यानं घेतलेली खोली आहे ती. पण भाडेकरूनंच दार सताड उघडं टाकलं तर इमारतीचा पहारेकरी काय करणार? तो येणाऱ्याला क्रमांक विचारणार, जन्मतारीख विचारणार, आणि 'या बसा' म्हणणार."

"पुरे," अण्णा म्हणाले. त्यांना इमारतीचं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण कळणं वेगळं आणि माझ्यासारखीच्या तोंडून ऐकून घेणं वेगळं. "हे बघ पोरी. आपली माणसं चांगल्या घरची आहेत. कोण कशाला दुसऱ्याच्या मुलीचं उघडून बघेल?"

"एक जण बघेल," मी म्हटलं. "सुमेधाचा नवरा."

हर्षलनं मोबाइल खाली ठेवला.

सुमेधा माझी मावसबहीण. तिचा नवरा आमच्याच ज्ञातीतला, कराडचाच, चार लोकांत अगदी देवमाणूस. त्यानं तिचं मनगट पिरगळून मोडलं तेव्हा ती घरातून निघाली ती परत गेली नाही. घटस्फोट झाला तरी त्याचे निरोप थांबले नाहीत. 'जिथं असशील तिथं येईन,' हा त्यातला सगळ्यात सभ्य निरोप. दोनदा तिनं घर बदललं, दोनदा त्यानं शोधलं. तिसऱ्यांदा ती लांब गेली, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आणि तो पत्ता आम्ही घरातल्या चार माणसांपलीकडे जाऊ दिला नाही. मग मावशीला घाई झाली. तिनं परस्पर पुनर्विवाह विभागात सुमेधाचं नाव नोंदवलं, पत्त्यासकट. सुमेधा मावशीवर खूप चिडली, पण शेवटी राहू दे म्हणाली, आणि ती राहू दे म्हणाली ती माझ्या शब्दावर. मी तिला म्हटलं होतं, 'तू हो म्हटल्याशिवाय पत्ता कुणालाच दिसणार नाही. मीच बनवलंय ते.'

"त्याची आई मंडळाची आजीव सभासद आहे," मी अण्णांना म्हटलं. "म्हणजे पुस्तिका त्याच्या घरी जाणार. क्रमांक त्याला तिथून मिळेल. आणि जन्मतारीख? लग्न केलंय त्यानं तिच्याशी."

अण्णांनी क्षणभर पुस्तिकेवर हात ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस हो म्हणेल. पण तेवढ्यात हर्षल म्हणाला, "मामा, एका केससाठी सगळी सिस्टीम बदलायची का?" आणि अण्णांना आपलं पद आठवलं.

"नाव काढून घ्या तिचं. पालकांचा अर्ज आणा."

"निदान पासवर्ड बदलायची सोय तरी द्या."

"ती मुद्दाम ठेवली नाही," हर्षल म्हणाला. "लोक बदलतात, विसरतात, आणि मग मला फोन करत बसतात."

"मग मी कार्यकारिणीपुढे मांडते."

"मांड की. शनिवारी सभा आहेच." अण्णा उठले. "पण एक सांगतो. तुझी साइट गेली म्हणून तू ही आदळआपट करतेस, हे मला कळतं तसं सगळ्यांना कळेल. तोंडावर पडशील."

मावशीनं अर्ज द्यायला साफ नकार दिला. "उद्या-परवावर मेळावा आलाय आणि तू नाव काढायला सांगतेस? बरं स्थळ येईल असं तिच्या नशिबात असलं तर तुला काय खुपतंय?" मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा तळेकर आहेत ना तिथं? मग झालं तर. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

सुमेधाला सांगणं भाग होतं. मी तिला फोन केला.

"म्हणजे मी पुन्हा घर बदलू?" एवढंच म्हणाली.

"नको. मी थांबवते."

"तू मागच्या वेळीही शब्द दिला होतास, शलाका."

"तो मी पाळला होता. तोडला दुसऱ्यांनी."

"मला त्यानं काय फरक पडतो?"

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तो राग तिच्यावर काढता येत नव्हता. तो मी शनिवारपर्यंत जपून ठेवला.

शनिवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात कार्यकारिणी जमली. बाहेर मांडववाले खांब पुरत होते, आत उद्याच्या जेवणातल्या मठ्ठ्यावरून वाद चालला होता. अध्यक्ष नानासाहेबांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते सगळ्याच मुद्द्यांना मान डोलवत होते. विमलकाकू महिला विभागाच्या प्रमुख, त्यांनी मला बघून बाजूची खुर्ची ओढली. भिंतीवर देणगीतून आलेला मोठा टीव्ही होता, त्याला हर्षलचा लॅपटॉप जोडलेला. उद्घाटनाची रंगीत तालीम चालली होती. पडद्यावर फेटेवाला नवरा आणि नथवाली नवरी हात जोडून उभे होते.

मठ्ठा मंजूर झाल्यावर अण्णा म्हणाले, "ह्या शलाकाला काही बोलायचंय. थोडक्यात बोल, पोरी."

मी बोलले. जमेल तितकं सोपं करून, जमेल तितका आवाज खाली ठेवून बोलले. सुमेधाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की पुस्तिका ज्याच्या हातात पडेल त्याला ह्यातल्या कुठल्याही मुलीचा पत्ता, फोन, तिला आलेली स्थळं, तिनं काय उत्तर दिलं, सगळं बघता येईल. तिला कळणारसुद्धा नाही.

"अगं बाई," विमलकाकू म्हणाल्या. "कुणालाबी?"

"कुणालाही, काकू."

"उगाच घाबरवू नका बायकांना," हर्षल म्हणाला. "थिअरी आहे ही. प्रत्यक्षात असं कोण करत नसतं."

"मी करून दाखवते. मी एक खोटं नाव नोंदवून आणलंय, त्याचा क्रमांक आणि जन्मतारीख..."

"खोट्या नावाचं काय दाखवतेस?" अण्णा मध्येच म्हणाले. त्यांना एकदम जोर चढला. सगळे बघत होते, त्यातले दोघे-तिघे कुजबुजायला लागले होते, आणि चिटणिसाच्या खुर्चीखालची जमीन हलतेय असं त्यांना वाटलं असावं. "खोट्याचं खोटंच दिसणार. खरं दाखव. माझ्या चित्राचं उघड."

चित्रा त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात गणित शिकवायची. तिचं लग्न जमत नव्हतं. मंडळाच्या चिटणिसाच्याच मुलीचं जमत नाही, ही गावात चवीनं बोलायची गोष्ट झाली होती, आणि अण्णांना ते ठाऊक होतं. स्थळं येत होती. पण कुणाकडून उत्तरच येत नसे, कुणाची पत्रिका अडत असे. अण्णांनी त्यासाठी कुठली ग्रहशांत करायची ठेवली नव्हती. मला मात्र एवढंच ठाऊक होतं, की चित्रा माझ्या साइटवर नियमानं यायची.

"नको अण्णा," मी म्हटलं. "तिला विचारल्याशिवाय नको."

"तिला काय विचारायचं? बाप आहे मी तिचा."

"म्हणूनच नको म्हणतेय. मी बनवलेलं खोटं नाव उघडते, तेवढ्यानं सगळ्यांना कळेल."

"बघा!" अण्णा सगळ्यांकडे वळले. "आता पाय मागं घेतला. का? कारण उघडणार नाही हे तिला माहीत आहे. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरात असेल त्यांनी घाबरावं."

ते शेवटचं वाक्य सुमेधासाठी होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं, पण विमलकाकूंनी माझा हात दाबला आणि मी गप्प बसले.

अण्णांनी स्वतः पुस्तिका हातात घेतली. थुंकी लावून पान काढलं. चित्राचा क्रमांक त्यांनी खणखणीत आवाजात वाचला. मग जन्मतारीख वाचली. ती वाचायला त्यांना पुस्तिकेत बघावं लागलं.

हर्षलनं टाइप केलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं त्यानं काय बनवलंय ते.

पडदा उघडला. फेटेवाला नवरा गेला. वर चित्राचा फोटो, पत्ता, मोबाइल नंबर. कुणीतरी "आं!" केलं. पण माझं लक्ष खाली गेलं. माझ्या साइटवरची टिपणाची ती चौकट हर्षलनं उचलून पहिल्याच पानावर टाकली होती, स्थळाचं नाव, तिचं उत्तर आणि टिपण अशी ओळीनं. बारीक अक्षर होतं. मागं बसलेल्यांना काही वाचता आलं नसतं. अण्णा मात्र टीव्हीला खेटून उभे होते.

ती टिपणं मी कधीच वाचली नव्हती. वाचता आली असती, साइट माझीच होती. वाचायची नाहीत हीच तर माझी बढाई होती. त्या दिवशी पहिल्या दोन-तीन ओळी डोळ्यांत शिरल्याच.

नकार. घरी सांगितलं, पत्रिका जुळली नाही.

नकार. घरी सांगितलं, त्यांच्याकडून काही कळवलं नाही.

नकार. घरी सांगितलं, पत्रिका जुळली नाही.

पुढं मी वाचलं नाही. मी उठले आणि टीव्हीच्या मागून लॅपटॉपला गेलेली वायर ओढून काढली.

"अहो मॅडम!" हर्षल ओरडला. "पोर्ट तुटेल!"

पडदा निळा झाला. मागच्या रांगेत गलका उठला. "पत्ता दिसला बरं का." "फोन नंबरसुद्धा." "माझ्या सुनेच्या बहिणीचं पण असंच दिसणार?" विमलकाकू उठून उभ्या राहिल्या आणि नानासाहेबांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगायला लागल्या. नानासाहेब मान डोलवत राहिले.

अण्णा मात्र पडद्याकडे बघतच होते. निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच लिहिलं होतं आणि ते तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत असल्यासारखे उभे होते. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत बोट अजून त्याच पानात अडकलेलं. मला त्यांची कीव आली, आणि ती आल्याचा रागही आला. मग ते वळले. माझ्याकडे बघितलं. मी वाचलंय का, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काढायचं होतं. मी नजर टीव्हीच्या मागच्या वायरींवर ठेवली.

"बाई," ते म्हणाले. मला त्यांनी जन्मात कधी बाई म्हटलं नव्हतं. "तुम्ही वायर का ओढलीत?"

"पत्ता दिसत होता, अण्णा. सगळे बघत होते."

"पत्ता."

"हो. पत्ताच."

त्यांनी पुस्तिका मिटली. मग त्यांनी आवाज चढवला, इतका की नानासाहेबांनाही ऐकू गेलं.

"ह्या बाईंनी जुन्या माहितीत काहीतरी गडबड करून ठेवलेली आहे. मला आधीपासून शंका होती. ह्यांना ह्यापुढं मंडळाच्या कुठल्याही कामात घ्यायचं नाही, असा ठराव मी मांडतो. आणि हर्षल, हे बंद कर."

"मामा, उद्या उद्घाटन..."

"बंद कर म्हटलं ना? आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत. सगळं पूस. आणि तुझ्याकडं दुसरी प्रत असेल तीही."

"पण मामा, चूक ह्यांची आहे ना, मग मी का..."

"पूस."

हर्षलनं वायर परत न लावता, मान खाली घालून पुसलं. मी त्याच्या मागं उभी राहून खात्री करून घेतली. बॅकअप कुठं ठेवलाय ते विचारलं, तोही उघडायला लावला, आणि तोही गेला. ज्या माणसानं आत्ताच माझ्यावर खापर फोडलं, त्याच्याच देखत मी हे करत होते आणि तो मला अडवत नव्हता. ठराव एकमतानं मंजूर झाला. विमलकाकूंनी हात वर केला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. बाहेर मांडवाचा शेवटचा खांब उभा राहत होता.

मेळाव्यात जाहीर झालं, की तांत्रिक अडचणीमुळं ऑनलाइन सेवा स्थगित आहे, जुन्या पद्धतीनं मंडळात फोन करावा. ती अडचण म्हणजे मी, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या ज्ञातीला कळलं होतं. लग्नाकार्यात माणसं मला बघून कुजबुजायची, 'हिनंच साइट बंद पाडली.' एकदा एका हळदीकुंकवात एका बाईनं मला तोंडावर सांगितलं, की माझ्या खोडीपायी तिच्या मुलीचं वर्ष वाया गेलं. काही मंडळांची कामं येता येता राहिली. मावशीनं तर मला दिवाळीला बोलावलं नाही. माझी सफाई एका वाक्याची होती. पण ते वाक्य बोलायचं तर त्या दिवशी पडद्यावर काय दिसलं ते सांगावं लागलं असतं. ते टिपण चित्रानं माझ्या चौकटीत, माझ्या शब्दावर विसंबून लिहिलं होतं. हर्षलनं ते उघडं टाकलं म्हणून मला ते वापरायचा हक्क येत नव्हता. मी गप्प राहिले, पण आनंदानं राहिले असं म्हणणार नाही. मनातल्या मनात मी तळेकरांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत चित्राचं नाव नव्हतं. लोकांना वाटलं, कुठंतरी बाहेर जमलं असेल. जमलं नव्हतं. ती अजून कॉलेजात शिकवते, रस्त्यात भेटली की मान हलवते आणि पुढं जाते.

सुमेधाच्या बाबतीत काहीच झालं नाही. आमच्या धंद्यात काम नीट झालं तर काही होत नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून कुणी आभार मानत नाही. तिनं घर बदललं नाही, नोकरीत वर चढली, बाल्कनीत टोमॅटो लावले. तिचा नवरा अजून कराडातच आहे आणि चार लोकांत अजून देवमाणूस आहे. शनिवारी काय झालं ते तिनं मावशीकडूनच ऐकलं, म्हणजे सगळ्यांसारखं. "तू म्हणे काहीतरी गडबड करून ठेवली होतीस?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "असंच काहीतरी." ती म्हणाली, "काही का असेना, बंद पडली ते बरं झालं."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"अगं, तळेकर अण्णांचा फोन आला होता मला. अजून तेच बघतात ना मंडळाचं? खूप थकलाय आवाज."

मी तिला मध्येच तोडलं. "तुझा नंबर त्यांना कुणी दिला?"

"आईनंच. ऐक तर. म्हणाले, 'पोरी, तुझ्यासाठी एक विचारणा आलीय. माणूस चांगला दिसतो. पत्ता देऊ का?' मी म्हटलं, आईशी बोला. तर म्हणाले, 'आईशी नाही बोलत. मी आता ज्याचं त्याला विचारतो.'"

"मग?"

"मी नको म्हटलं. मला नाहीच करायचं लग्न. वाटलं, आता उपदेश करतील. पण नाही. मग म्हणाले, 'बरं. मग आईला काय सांगू?'" सुमेधा हसली. "असं कोण विचारतं गं?"

मी खुर्चीत मागं टेकले.

"तू काय सांगितलंस?"

"मला काय सुचणार? मी म्हटलं, सांगा, पत्रिका जुळली नाही."

"आणि ते?"

"म्हणाले, 'तेच सांगतो. घरी ते पटतं.'"